पोटाखालचा गुंता

चार वाजले की मेट्रन फणी घेऊन गॅलरीत बसायची. बुटकं स्टूल, मांडीवर जुना टॉवेल आणि पायाशी बोळा. तासभर विंचरणं चालायचं. गादीवाले काका खालच्या दुकानातून चहाला म्हणून वर यायचे, तेव्हा दारातूनच ती दोघं दिसायची. तिचा हात सावकाश पुढं-मागं चाललेला, कुत्र्याचे डोळे मिटलेले. काका चहाचं आधण ठेवायचे आणि मनात म्हणायचे, चला, एवढं तरी ठीक चाललंय.

बाकी काही ठीक नव्हतं. मेट्रन म्हणजे काकांची बायको. एका मोठ्या इस्पितळात तिची सगळी नोकरी झाली, शेवटची नऊ वर्षं ती तिथली मेट्रन होती. निवृत्त झाल्यावर ते नाव काकांनी घरी चालू ठेवलं, कारण बाईंचा राऊंड घरीही चालूच होता. चादरीला सुरकुती दिसली की काकांची हजेरी लागायची. पण गेल्या दोन वर्षांत ती विसरायला लागली. आधी किल्ल्या, मग गॅस, मग माणसं. लेक दूरच्या शहरातून भेटायला आली की तिला ती मावशीच्या नावानं हाक मारायची. काकांना कधी "अहो" म्हणायची, कधी "मिस्त्री". डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं होतं, आणि त्यावर औषध नाही हेही त्याच वाक्यात सांगितलं होतं. बोळा तेवढा तिच्या डोक्यात पक्का बसलेला होता. सकाळी डोळे उघडले की पहिली हाक त्याला. "बोळ्या, चल."

बोळा बारा वर्षांचा, पांढरा, जमिनीला टेकतील एवढ्या लांब केसांचा. घरी आणला तेव्हा मूठभर होता. नाव ठेवणारी नर्स आणि समोर पांढरं, गुबगुबीत पिल्लू, मग कापसाच्या बोळ्यावाचून दुसरं नाव सुचणार कसं?

एका दुपारी बोळा जिना उतरून दुकानात आला आणि परत वर चढेना. पुढचा डावा पाय टेकवत नव्हता. काटा रुतला असेल म्हणून काकांनी त्याला उचलायला पोटाखाली हात घातला आणि हात तिथंच थांबला.

खाली केस नव्हतेच. एक जाड, घट्ट, गार थर होता. काकांनी डोळे मिटून बोटं फिरवली. चाळीस वर्षं सोफे आणि खुर्च्या मढवण्यात गेलेली बोटं ती. हाताला काय लागलंय ते कळायला त्यांना बघावं लागत नव्हतं. नमदा. लोकर ओली करून, दाबून, घासून जो जाड पत्रा होतो तो. जुन्या खुर्च्यांच्या बैठकीत त्यांनी शेकडो वेळा घातला होता. तो काखेत होता, पोटावर होता, मांड्यांच्या आत होता, कानांमागे लिंबाएवढे गोळे झाले होते. वरचे केस बाजूला सारले तेव्हाच ते दिसलं. वरून कुत्रा रेशमासारखा चमकत होता.

"अरे, हे कधी झालं रे?" काका म्हणाले. बोळ्यानं त्यांचा अंगठा चाटला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता काका दुकान तसंच टाकून वर गेले आणि गॅलरीच्या दारात उभे राहिले. या वेळी त्यांनी नीट बघितलं. मेट्रनचा हात मानेपासून निघत होता, शेपटीपाशी संपत होता. परत मानेपासून शेपटीपर्यंत. पाठीचा तेवढा एकच पट्टा. पूर्वी तिचा क्रम ठरलेला असायचा, कान, काखा, पोट, पाय, आणि पाठ सगळ्यात शेवटी. तो क्रम कधी गळून पडला होता देव जाणे. पाठ तेवढी उरली होती आणि ती रोज तासभर विंचरली जात होती.

"पोटाकडचं विंचरलंस का गं?" काकांनी शक्य तेवढं सहज विचारलं.

"म्हणजे काय? आधी पोटच करते मी. तुम्ही मला शिकवणार?"

"नाही, नाही. मी आपलं विचारलं."

"विचारायचं असेल तर ड्यूटी संपल्यावर विचारा," मेट्रन म्हणाली, आणि फणी पुन्हा मानेवर ठेवली.

काका आत येऊन पलंगावर बसले. रोज, अगदी रोज, त्यांनी या दोघांना बघितलं होतं आणि समाधानानं चहा केला होता. आपण नक्की काय बघत होतो, असं त्यांना वाटलं.

त्या दिवसापासून काकांनी दुपारची दोन तासांची सुट्टी सुरू केली. मेट्रन जेवून झोपली की ते बोळ्याला मोरीजवळच्या कोपऱ्यात घेऊन बसायचे. लेकीनं फोनवरून सांगितलं होतं तसं गाठीत कॉर्नफ्लोअर भुरभुरायचे. गाठ मुळाशी दोन बोटांत घट्ट धरायची म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि मग टोकाकडून एकेक केस सोडवायचा. डाव्या कानामागचा पहिला गोळा सुटायला पाऊण तास लागला. सुटल्यावर काका एकटेच हसले. बोळ्यानं डोकं झटकलं, कान फडफडवला, जणू तो कान त्याला आजच मिळाला होता.

"अजून एकवीस आहेत रे बाबा," काका म्हणाले. "पण आहोत ना आपण."

दोन आठवड्यांत त्यांनी नऊ गाठी सोडवल्या. पाठ आखडायची, बोटांची पेरं सुजायची. बोळा मात्र शहाण्यासारखा बसायचा. फारच दुखलं तर काकांचं मनगट दातांत धरायचा, चावायचा नाही. नुसतं धरून ठेवायचा, म्हणजे थांबा.

लेकीचं म्हणणं होतं, "बाबा, इतके हाल कशाला? मशीन लावून सगळे केस उतरवा. केस काय, परत येतात."

"केस येतील गं."

"मग?"

"तुझ्या आईला तो तसा माहीत आहे. पांढरा, झुबकेदार. त्याला सोलून ठेवला आणि तिनं ओळखलं नाही तर? तू झालीस मावशी, मी झालो मिस्त्री. आता तोही गेला तर तिला ओळखीचं कोण राहिलं या घरात?"



पंधराव्या दिवशी एक गिऱ्हाईक जास्त वेळ बसलं आणि काकांना वर यायला उशीर झाला. दारातच पाण्याचा ओघळ दिसला. मोरीत बादली आडवी पडलेली, दोरीवर तीन ओले टॉवेल, आणि मेट्रन ओल्या गाऊननं खुर्चीत बसलेली, एकदम प्रसन्न.

"आंघोळ घातली त्याला," ती म्हणाली. "किती दिवस झाले होते."

"तीन टॉवेल कशाला लागले?"

तिनं टॉवेलांकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि विझलं. "कुणी वाळत घातले ते?"

काकांना सगळं एकदम उमगलं. आंघोळ घालायची, विसरायचं, परत घालायची. कढत पाणी, साबण, टॉवेलनं खसाखसा पुसणं. नमदा करायला आणखी काय लागतं? कारखान्यात असाच करतात. बोळा पलंगाखाली कुडकुडत पडला होता. काकांनी त्याला ओढून बाहेर काढलं आणि काखेत बोट घालायला गेले. नख शिरत नव्हतं. सोडवलेल्या कानांमागे पुन्हा गोळे. नऊच्या नऊ गाठी परत आल्या होत्या आणि उरलेल्या एकमेकींना जाऊन मिळाल्या होत्या.

मेट्रनला कोरडे कपडे घालून निजवल्यावर काकांचा धीर सुटला. त्यांनी दुकानातली कापड कापायची लहान कात्री आणली. काखेतली गाठ तेवढी मोकळी करू, बाकीचं नंतर बघू, असा विचार. गाठ उचलून धरली, कात्रीचं टोक खाली सरकवलं, तेवढ्यात मागून ओरडा आला.

"कोण आहे तिथं? काय करताय त्याला?"

मेट्रन झोपेतून उठून दारात उभी होती. समोर एक म्हातारा माणूस कात्री घेऊन तिच्या कुत्र्यावर वाकला होता, तिला तेवढंच दिसलं. तिनं धावत येऊन काकांच्या खांद्यावर बुक्क्या मारायला सुरुवात केली. "सोड त्याला! मेल्या, सोड!" काकांचा हात हलला. बोळा असा किंचाळला की समोरच्या वहिनी दार उघडून बाहेर आल्या.

गाठीबरोबर चिमूटभर कातडी कापली गेली होती. रक्त फार नव्हतं, पण पांढऱ्या केसांवर ते फारच दिसलं. रक्त बघताच मेट्रन एकदम शांत झाली. "दाबून धरा," ती काकांना म्हणाली, हुकमी आवाजात. "स्वच्छ कापड आणा. पाणी उकळा." तिनं स्वतः जखम दाबून धरली, अगदी बरोबर, पाच मिनिटं, हात न हलवता. काका बाजूला उकिडवे बसून तिच्याकडे बघत राहिले. ही ती होती. पाच मिनिटं होती. मग तिनं हाताकडे बघितलं, बोटांना लागलेल्या रक्ताकडे बघितलं आणि लहान मुलासारखी रडायला लागली.

वहिनी मेट्रनजवळ थांबल्या आणि काका बोळ्याला कापडात गुंडाळून प्राण्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर तरुण होती, थोडक्यात बोलणारी. तिनं जखम धुतली, टाका घालायची गरज नाही म्हणाली. मग बोळ्याला आडवं करून पोट बघितलं, गाठींच्या कडेनं बोट फिरवलं.

"काका, ही गाठ नाही राहिली. कवच झालंय. पाऊल टाकलं की काखेची कातडी ओढली जाते, म्हणून लंगडतोय. खाली ओल धरून कातडी सडायला लागली आहे. वास येतोय ना?"

"येतोय."

"हे सुटणार नाही. तुम्ही काहीही लावा, सुटणार नाही. उतरवावंच लागेल."

"मला माहितेय," काका म्हणाले. "माझा धंदाच आहे. नमद्याची परत लोकर होत नाही."

"या वयात, या हृदयाला भूल नको. इथं मशीनच्या आवाजानं तो घाबरेल. घरी, ओळखीच्या हातानं, थोडं थोडं करा. माझं जुनं मशीन न्या." तिनं दाखवलं. ब्लेड आडवं, कातडीला चिकटून, कवचाच्या खालून. दर दोन मिनिटांनी ब्लेड स्वतःच्या मनगटाला लावून बघायचं, तापलं तर थांबायचं. "आणि कात्री," ती म्हणाली, "आता परत हातात घेऊ नका."

"पाठ ठेवली तर चालेल?"

"पाठ?"

"पाठीवर गुंता नाही. रोज विंचरलेली आहे."

डॉक्टरनं त्यांच्याकडे बघितलं. "ठेवा. दिसेल विचित्र, पण ठेवा."

तीन दुपारी लागल्या. मेट्रनला वहिनी आपल्याकडे घेऊन बसायच्या आणि काका खाली दुकानात शटर अर्धं ओढून, कापणीच्या टेबलावर बोळ्याला घ्यायचे. कवच अखंड निघत होतं, खुर्चीवरून जुनं कापड सोलून काढावं तसं. खालची कातडी गुलाबी, ठिकठिकाणी लाल, चिघळलेली. तिला वारा लागला तेव्हा बोळा शहारला. शेवटच्या दिवशी काखेतला तुकडा निघाला आणि त्यानं पाय पुढं ताणला, आणखी ताणला, मग टेबलावर उभा राहून अंग झाडलं. खाली ठेवताच तो दुकानभर पळत सुटला. फोमच्या ढिगावर चढला, उतरला, पुन्हा चढला. बारा वर्षांचा कुत्रा! काकांना हसू आवरेना. मग त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं. पाठीवर लांब पांढरी झूल, खाली चार काड्यांसारखे उघडे पाय आणि सुरकुतलेलं पोट. दुसऱ्या कुणाचा कोट घालून आलेला वाटत होता.

चार वाजता मेट्रन गॅलरीत बसली. काकांनी बोळ्याला सोडलं. तो गेला, नेहमीसारखा पाठमोरा बसला. तिनं फणी मानेवर ठेवली, शेपटीपर्यंत नेली. परत मानेवर. काका श्वास रोखून दारात उभे होते. दहा वेळा, वीस वेळा. चाललं होतं. जमलं, काकांना वाटलं, जमलं बुवा.

आणि मग बोळा खुशीत येऊन तिच्या पायाशी उताणा झाला. आता दुखत नव्हतं, म्हणून कितीतरी महिन्यांनी त्यानं पोट वर केलं होतं.

मेट्रनचा हात हवेत थांबला. ती वाकून ते गुलाबी पोट, त्यावरच्या खपल्या, पायांच्या काड्या बघत राहिली.

"हा पेशंट कुणाचा?" तिनं विचारलं.

"अगं, बोळा आहे."

"याच्या नातेवाइकांना बोलवा. किती हाल झालेत याचे." ती उठली, टॉवेल झटकला, आत गेली. आतून तिचा आवाज आला. "बोळ्या? बोळ्या, कुठं गेलास रे?"

बोळा ताडकन उठून आत धावला. तिनं त्याला पायानं बाजूला सारलं आणि पलंगाखाली वाकून बघायला लागली.

तो शोध मग थांबलाच नाही. सकाळी उठल्यापासून ती कपाटं उघडायची, जिन्यात जाऊन हाका मारायची. हाक ऐकून बोळा यायचा, शेपटी हलवत समोर उभा राहायचा, आणि ती त्याच्या पलीकडे बघत हाका मारत राहायची. काकांनी फोटो दाखवले, त्याला तिच्या मांडीवर ठेवून बघितलं. तिनं ढकलून दिला. एकदा जेवताना ती घास खाली ठेवून म्हणाली, "तुम्ही त्याला कुठंतरी टाकून आलात. खरं सांगा, मी रागावणार नाही." काकांनी ताट बाजूला सारलं.

तीन आठवड्यांनी लेक आली. एक दिवस आईच्या मागं मागं जिन्यात फिरली आणि संध्याकाळी दुकानात येऊन बसली.

"बाबा, तुमच्याकडे ते लांब केसांचं पांढरं कापड आहे ना? उशांना लावता ते."

काकांना लगेच कळलं. "नाही. आईला फसवायचं?"

"फसवू नका. मग तिला रोज असं फिरू द्या."

"ती येडी नाही गं."

"मला कुठं म्हणायचंय तसं?" लेकीचा आवाज चिरला. "ती आज मला म्हणाली, बाई, तुम्हाला आई आहे का? मी काय सांगू?"

काकांनी कापड काढलं आणि बोळ्याच्या मापाचं एक कुत्रं शिवायला घेतलं. आयुष्यात इतकं जीव ओतून काम त्यांनी केलं नसेल. आत मऊ फोम, तळाला वाळूची पिशवी म्हणजे मांडीवर जरा भार वाटेल, पाठीची गोलाई हुबेहूब, शिवण कुठंही दिसणार नाही अशी. डोळे लावले नाहीत. डोळे लावायला त्यांचा हात धजेना.

मेट्रनच्या मांडीवर ते ठेवलं. तिनं एकदा हात फिरवला, दोनदा फिरवला, आणि तिचा सगळा चेहरा सैल पडला. "आलास होय? कुठं उंडारत होतास इतके दिवस?" तिनं फणी मागितली. लेक तोंडात पदराऐवजी स्वेटरची बाही कोंबून स्वयंपाकघरात पळाली. आणि बोळा दारात बसून, तो लाडाचा आवाज ऐकून, जोरजोरात शेपटी आपटत होता.

केस परत यायला दहा महिने लागले. तेवढ्यात मेट्रन बोलायची कमी झाली, चालायची कमी झाली, पण चार वाजता मांडीवर ते घेऊन विंचरायची. काका दुकान बंद करताना बोळ्याला टेबलावर घेऊन विंचरायचे. कान, काखा, पोट, पाय, पाठ. एक गाठ होऊ दिली नाही. कातडी बरी झाली, केस पूर्वीपेक्षाही दाट आले. एके दिवशी काकांनी त्याला गार पाण्यानं आंघोळ घातली, नीट कोरडा केला, फुलवला आणि चार वाजता गॅलरीत नेला. आशा नव्हती असं म्हणता येणार नाही. थोडी होती.

मेट्रननं मान वळवून बघितलं. बोळ्यानं हनुवटी तिच्या पावलावर टेकवली.

"छान आहे हो," ती सावकाश म्हणाली. "कुणाचं?"

"आपलंच आहे."

"नको." तिनं मांडीवरच्या त्या कापडी बोळ्यावर हात ठेवला. "आमच्या बोळ्याला दुसरं कुत्रं खपत नाही." मग पाऊल हळूच, त्याला लागू नये अशा बेतानं, काढून घेतलं. "मिस्त्री, याला खाली घेऊन जा. मालक शोधत असेल."

काकांनी वाकून बोळ्याला उचललं आणि जिना उतरले.

त्यानंतर बोळा आपणहून वर गेला नाही. जेवायलाही नाही. काकांनी त्याला दुकानात शटरजवळ गादी करून दिली. एक बाई खुर्चीचं माप द्यायला आल्या, त्या त्याच्यापाशी खाली बसल्या आणि केसांतून हात फिरवत राहिल्या.

"अगंबाई, काय सुंदर ठेवलंय! एकही गुंता नाही. कोण करतं हो हे सगळं?"

"मीच," काका म्हणाले, आणि टेप उचलून त्यांच्या खुर्चीकडे वळले.